पुण्याहून दोघांची देऊळ-फेरी: सासवड, लोणी भापकर, भुलेश्वर आणि एक कॅमेरा

पुण्यापासून शंभरेक किलोमीटरच्या आत यादवकाळापासून पेशवाईपर्यंतची इतकी देवळं आहेत की पहिल्याच फेरीत सात-आठ उरकून टाकायचा मोह होतो. तो आवरा. दर्शनासाठी अर्धा तास पुरतो. फोटोसाठी निदान दीड तास लागतो, आणि तोही योग्य वेळेचा दीड तास. म्हणून एका दिवसात तीन देवळं धरा. खाली दिलेली फेरी हिवाळ्यातली आहे, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची. हडपसरहून दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव, लोणी भापकर, मग सुपे, चौफुला, यवतवरून भुलेश्वर आणि सोलापूर रस्त्याने परत. गाडी साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर चालते.

दोघं जाणार असाल तर दोन कॅमेरे नेऊ नका. एकाने कॅमेरा धरायचा आणि दुसऱ्याने बाकी सगळं करायचं: उजेड पाडायचा, वही लिहायची, पुजाऱ्यांशी बोलायचं, चौकटीत येणाऱ्या लोकांवर लक्ष ठेवायचं. हा दुसरा माणूस नसेल तर भुलेश्वरच्या आतली शिल्पं नीट टिपणं जवळपास अशक्य आहे. प्रत्येक देवळाला भूमिका बदला, म्हणजे परतीच्या वाटेवर "मी दिवसभर फक्त पिशव्याच सांभाळल्या" हे ऐकावं लागत नाही.

दिशा आधी, रस्ता नंतर

निघायच्या आदल्या रात्री नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडा आणि देवळाचं तोंड कोणीकडे आहे ते पाहा. शिवमंदिर असेल तर नंदीचा मंडप ज्या बाजूला, तीच पुढची बाजू. जागेवर आणखी एक खूण सापडते. अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी प्रणाळ, म्हणजे ते मकरमुख किंवा गोमुख, पूर्वाभिमुख देवळात बहुधा उत्तरेच्या भिंतीत असते.

दिशेचा एवढा आग्रह धरायचा तो दगडामुळे. आपल्याकडची देवळं काळ्या बेसाल्टची आहेत आणि काळा दगड समोरून उजेड पडला की सपाट दिसतो. शिल्पाचं नाक, कमरेची वळणं, दागिन्यांचे मणी दिसायला भिंतीला घासून जाणारा तिरपा उजेड लागतो. तेव्हा "सकाळी पूर्वेची भिंत, संध्याकाळी पश्चिमेची" हा सर्रास सांगितला जाणारा नियम कोरीव कामाला लागू पडत नाही. सकाळी पूर्वेच्या भिंतीवर ऊन थेट समोरून येतं. रंग छान येतो, खोली मात्र जाते.

पुणं १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात इथे सूर्य बरोबर पूर्वेला न उगवता पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. म्हणून पूर्वाभिमुख देवळाच्या दक्षिण भिंतीवर पहिला तासभर ऊन अगदी तिरपं घासतं, आणि मावळतीच्या आधीच्या तासात तेच उलट बाजूने. पूर्वेच्या भिंतीचं कोरीव काम साडेदहा ते साडेअकरा या वेळात उठून दिसतं, पश्चिमेचं पाऊण ते दोन या वेळात, कारण सूर्य तेव्हा दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि ऊन भिंतीच्या कडेने वाहत जातं. हिवाळ्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास; आपली घड्याळं पुण्याच्या बरंच पूर्वेला असलेल्या ८२.५ रेखांशावर लावलेली आहेत.

उत्तरेची भिंत हा वेगळा मामला. साधारण २२ सप्टेंबर ते २१ मार्च या काळात तिला थेट ऊन मिळतच नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी मिळतं, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, म्हणजे पुण्यातल्या दोन शून्य-सावली दिवसांच्या दरम्यान, दुपारीही थोडं मिळतं. हिवाळ्यात ती भिंत दिवसभर सावलीत असते आणि फोटोत निळसर येते. यावर दोन उपाय आहेत. कॅमेऱ्याचं रंगतापमान (व्हाइट बॅलन्स) ६५०० ते ७००० केल्विनवर न्या, म्हणजे निळेपणा जातो. आणि गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचा चंदेरी सनशेड सोबत घ्या. दुसऱ्याने देवळाची सावली संपते तिथे कोपऱ्यावर उभं राहून सनशेडने ऊन भिंतीवर कडेकडेने फेकायचं. समोरून फेकलं तर पुन्हा तोच सपाटपणा येतो.

दुपारी एक ते चार बंद हा पुणेकरांचा आवडता नियम बाहेरच्या फोटोंनाही पाळायला हरकत नाही. पश्चिम भिंत सोडली तर तो वेळ जेवणाचा, प्रवासाचा आणि मंडपाच्या आतल्या कामाचा.

काय न्यायचं

कॅमेऱ्याला एक २४-७० सारखी भिंग पुरते. आतल्या कामासाठी ५० मिलिमीटर एफ/१.८ स्वस्त आणि उपयोगी, आणि उंचावरच्या मूर्तींसाठी ८५ ते १०० पर्यंत पोचणारं काहीतरी हवं. फार रुंद भिंग मंडपाच्या आत एखाद-दोन वेळा लागते, पण तिने बाहेरून घेतलेलं शिखर मागे कोसळल्यासारखं दिसतं. फक्त फोन असेल तरी ही फेरी करता येते. पडद्यावरची जाळी (ग्रिड) चालू ठेवा, अतिरुंद लेन्स टाळा, शिल्पावर बोट दाबून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करा आणि उजेड कमी करायला पडद्यावरची सूर्याची खूण थोडी खाली ओढा.

तिवई घ्यायची की नाही हा प्रश्न अनेक ठिकाणी सुटलेलाच असतो. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असेल तिथे तिवई लावायला आधी परवानगी लागते. त्याऐवजी कापडी पिशवीत किलोभर वाटाणे किंवा राजमा भरून घट्ट शिवा. खांबाच्या तळखड्यावर, कठड्यावर, जमिनीवर कुठेही कॅमेरा स्थिर बसतो आणि कोणी हटकत नाही. तांदूळ नको, त्याची भुकटी होते आणि शिवणीतून कॅमेऱ्यावर येते.

मंद-तीव्र करता येणारा, बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी दिवा. हवा मारायचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश. दोन कार्डं, दोन बॅटऱ्या. एक साधी वही. जाड सुती मोजे दोघांनाही. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी बाराला बेसाल्टच्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणाचाच हात स्थिर राहत नाही. चपला ठेवायला कापडी पिशवी घ्या, म्हणजे ज्या दाराने आत गेलात त्याच दाराने बाहेर यायची सक्ती राहत नाही.

ड्रोन घरीच ठेवा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे आणि पुरंदर किल्ल्यावर लष्कर. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या पट्ट्यात आली तरी देवस्थानाची परवानगी वेगळी लागते, आणि वरून घिरट्या घालणारा आवाज पूजेला आलेल्यांना आवडत नाही.

तारीख ठरवताना

सोमवार, महाशिवरात्र आणि सगळा श्रावण शिवमंदिरांसाठी सोडून द्या. रविवारी आणि सोमवती अमावस्येला जेजुरीतून गाडी काढायची नाही, चंपाषष्ठीला तर मुळीच नाही. नारायणपूर वाटेत घेणार असाल तर गुरुवार आणि पौर्णिमा टाळा, दत्ताच्या देवळाची गर्दी असते. वारीच्या दिवसांत ही फेरी दोन्ही टोकांनी अडते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला मुक्काम करते आणि जेजुरीकडे जाते. तुकोबांची लोणी काळभोर, यवत मार्गे सोलापूर रस्त्याने. वारीचे फोटो काढायचे असतील तर जरूर जा, पण तेव्हा देवळांचं वेळापत्रक विसरा. सगळ्यांत बरे मंगळवार ते गुरुवार.

पहाटे सासवड

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा सूर्योदय पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान असतो. सव्वापाचला निघा. हडपसरची गर्दी साडेपाचनंतर वाढायला लागते आणि दिवेघाटात पुढे मालट्रक लागला की वीस मिनिटं गेलीच. साडेसहापर्यंत सासवडला संगमेश्वरापाशी असायला हवं. कऱ्हा आणि चांबळी या नद्यांच्या संगमावरचं हे देऊळ पहाटेसाठीच बांधल्यासारखं आहे, कारण खाली घाटाच्या पायऱ्या आणि पाणी दोन्ही मिळतात.

सूर्योदयाआधीची वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं आणि देवळाचे दिवे पिवळे, दोन्हींचा उजेड जवळपास सारखा असतो. पिशवीवर कॅमेरा ठेवा, एफ/८, आयएसओ २००, दोन सेकंदांचा टायमर आणि शटर एक ते चार सेकंद. पाण्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर कॅमेरा पाण्याच्या पातळीपासून वीतभर उंचीवर आणा. उभं राहून घेतलेल्या फोटोत प्रतिबिंबाचा कळस कापला जातो. उन्हाळ्यात पात्रात पाणी जेमतेम उरतं आणि जलपर्णी वाढते, म्हणून पावसाळ्यानंतरचे महिने बरे.

देवळाचा पूर्ण फोटो घेताना कॅमेरा वर झुकवू नका. जितकं मागे जाता येईल तितकं जा, शक्यतो थोड्या उंच पायरीवर चढा, आणि भिंत व शिखराभोवती चौकटीत पाचवा हिस्सा मोकळा ठेवा. नंतर संगणकावर उभ्या रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. मोकळी जागा नसेल तर कळस त्यात जातो.

सूर्य वर आला की समोर काळी भिंत आणि वर चुन्याचं पांढरं शिखर, अशी अडचण उभी राहते. कॅमेरा काळा दगड बघून फोटो उजळ करतो आणि शिखर पांढरंफटक पडतं. उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे दोन-तृतीयांश ते उणे एकपर्यंत न्या आणि रॉ फाइल घ्या. तरी भागत नसेल तर उजेडाच्या दोन-दोन पायऱ्यांच्या (स्टॉपच्या) अंतराने तीन फोटो एकाच जागेवरून घ्या. फोटो बघून ठरवू नका, उन्हात पडद्यावर सगळंच बरं दिसतं. उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) बघा आणि तो उजव्या कडेला टेकू देऊ नका.

साडेआठला काम थांबवा. वेळ उरला तर सासवडहून नारायणपूर-कापूरहोळच्या रस्त्यावर, कऱ्हेच्याच काठी चांगावटेश्वर आहे. चांगदेवांनी वाळूचं लिंग केल्याची कथा त्याला जोडलेली आहे. ते बघितलं तर लोणी भापकरला पोचायला उशीर होतो, म्हणून एक काहीतरी निवडा. सासवडला नाश्ता करून निघा. हंगाम असेल तर रस्त्याच्या कडेला पुरंदरचे अंजीर मिळतात, पण ते खाऊन हात धुतल्याशिवाय कॅमेऱ्याला लावू नयेत.

जेजुरीत भंडारा आणि भिंग

खंडोबाचा गड या फेरीत नाही, कारण त्याला स्वतंत्र दिवस हवा. पण थांबायचंच असेल तर कॅमेरा वाचवा. उधळलेला भंडारा म्हणजे बारीक हळद. ती झूम भिंगेच्या पुढे-मागे सरकणाऱ्या नळीत शिरते, आणि मग नळी फिरवताना करकर येते. गडावर भिंग बदलू नका आणि झूम नेऊ नका. ५० किंवा ३५ ची स्थिर भिंग लावा. कॅमेऱ्याला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, पुढचं तोंड कापून रबरबँडने बांधा. भिंगेवर साधा काचेचा फिल्टर हवाच. खाली आल्यावर कापडाने पुसायचं नाही. आधी फुग्याने हवा, मग ब्रश, आणि सगळी पूड गेल्याची खात्री झाल्यावर कापड. ओलं कापड सगळ्यांत वाईट, हळद पसरते आणि रबराच्या पकडीवर कायमचा डाग राहतो. फोनचा चार्जिंगचा खाच चिकटपट्टीने बंद करा.

लोणी भापकर, दहा ते साडेअकरा

बारामती तालुक्यातल्या या गावात मल्लिकार्जुनाचं देऊळ आणि त्याच्यासमोर दगडी पुष्करणी आहे. भाविक फार नसतात, त्यामुळे दोघांना निवांत काम करता येतं. पुष्करणी खोल असल्याने सकाळी लवकर गेलात तर अर्धं कुंड काळं आणि अर्धं उन्हात. दहानंतर ऊन खाली पायऱ्यांपर्यंत उतरतं, भिंतीतले कोनाडे तिरप्या उजेडात येतात, म्हणून ही वेळ. कोपऱ्यात उभं राहून तिरका फोटो घेतला तर पायऱ्यांच्या रेषा आत ओढतात. बरोबर मध्यावरून घेतलेला नकाशासारखा दिसतो. दोन्ही घ्या. कठडा नसलेल्या काठावर मागे सरकत फोटो काढायचे नाहीत, आणि हे बघायचं काम दुसऱ्या माणसाचं.

वराहाची मूर्ती चुकवू नका. सबंध प्राण्याच्या रूपातला हा यज्ञवराह आहे. त्याच्या अंगावरचं कोरीव काम बारीक आहे; समोरून एक फोटो, मग बाजूने गुडघ्यावर बसून मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवरून एक, आणि मग तपशील. उभ्याने वरून घेतलेला वराह फोटोत केविलवाणा दिसतो.

मंडपाच्या छताचं कोरीव काम घेण्याची पद्धत अशी. कॅमेरा पाठीवर, भिंग वर करून जमिनीवर, छताच्या मधल्या कमळाच्या बरोबर खाली ठेवा. खाली पिशवी हवी, नाहीतर मागचा पडदा खरचटतो. मध्य सापडायला फोनचा पुढचा कॅमेरा चालू करून त्याच जागी ठेवा, जाळीच्या मध्यावर कमळ आलं की तिथे कॅमेरा. एफ/८, आयएसओ २००, दहा सेकंदांचा टायमर. टायमर सुरू करून दोघांनीही बाहेर व्हायचं; वाकून बघत राहिलात तर छतावर तुमचीच सावली येते.

देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, दिसले तर ते खालून वर वाचायचे असतात: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि टोकाला सूर्य-चंद्र. फोटोही त्या क्रमाने घ्या, आधी पूर्ण दगड, मग एकेक चौकट. शिलालेख असेल तर त्यावर खडू, पीठ किंवा हळद चोळायची जुनी खोड अजून काहींना आहे. दगड खराब होतो आणि अक्षर चुकीचं भरलं तर वाचनही चुकतं. त्याऐवजी एकाने सनशेड धरून लेखावर सावली पाडावी आणि दुसऱ्या हाताने दिवा कडेला दगडाला टेकवून धरावा. चारही बाजूंनी एकेक फोटो. आडवे फराटे एका फोटोत स्पष्ट होतात, उभे दुसऱ्यात.

जेवायला मोरगावला या. मयूरेश्वराच्या देवळाला चार कोपऱ्यांना मनोरे आहेत, लांबून बाहेरचं रूप टिपता येतं. गाभाऱ्यात कॅमेरा काढायचा नाही. जेजुरी आणि मोरगावच्या दरम्यान कऱ्हेकाठचं पांडेश्वर हे विटांचं देऊळ ज्यांना हवं त्यांनी एक देऊळ कमी करून घ्यावं. तिथल्या भिंतीवरच्या जुन्या चित्रांवर फ्लॅश अजिबात मारू नका. दगडाला त्याचं काही वाटत नाही, रंगाला वाटतं.

भुलेश्वर

मोरगावहून सुपे, चौफुला करून सोलापूर रस्त्याला लागा, पुण्याच्या दिशेने या आणि यवतजवळच्या फाट्याला डावीकडे वळा. शेवटचा चढ अरुंद आणि वळणांचा आहे; समोरून एसटी किंवा टेम्पो आला तर मागे घ्यायची तयारी ठेवा. अडीचला पोचा. पेट्रोल आणि पाणी खालीच भरून घ्या.

तेराव्या शतकाच्या सुमाराचं हे देऊळ ज्या डोंगरावर आहे त्यावर सतराव्या शतकात आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने दौलतमंगळ किल्ला बांधला. बाहेरून बघणाऱ्याला घुमट आणि चुन्याचं काम दिसतं, आणि आत अशी शिल्पं असतील यावर विश्वास बसत नाही. समोर भिंत आणि बाजूने अंधारा, अरुंद जिना अशी वाट आहे. उन्हातून आत गेल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे सरावण्याआधी कॅमेरा काढणारा माणूस हमखास खांबाला धडकतो.

आधी पुजाऱ्यांना भेटा. दर्शन घ्या, मग विचारा: "फोटो काढले तर चालतील का? गाभाऱ्यातले काढणार नाही." ही दोन वाक्यं या क्रमाने बोलली की बहुधा अडचण येत नाही. रंगीत दिव्यांच्या माळा किंवा ट्यूब चालू असेल तर पाच मिनिटांसाठी बंद करायची विनंती करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की दगड एका बाजूला हिरवा आणि दुसऱ्या बाजूला जांभळा येतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. नवरा-नवरीचे पोशाख घालून फोटोसेशन करायचा विचार असेल तर तो वेगळा विषय आहे, त्यासाठी देवस्थानाला आधी विचारावं लागतं आणि उत्तर नाही असण्याची तयारी ठेवावी.

शिवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. प्रणाळ ओलांडायची नाही, तिथून मागे फिरून दुसऱ्या बाजूने पुन्हा प्रणाळीपर्यंत यायचं. फोटोचा मार्गही तसाच आखा. लोकांच्या भावना राखल्या जातात आणि एक भिंत दोनदा नजरेखालून जाते, ज्यात पहिल्या वेळी सुटलेलं हमखास सापडतं.

आता खरं काम. जोत्यावर हत्तींचा थर आहे, वर रामायण-महाभारतातले प्रसंग, सुरसुंदरी म्हणजे अप्सरांसारख्या सुंदर स्त्रियांच्या मूर्ती, आणि मातृका म्हणजे मातृदेवता. बऱ्याच मूर्ती भंगलेल्या आहेत, आणि तिरप्या उजेडात तुटलेला भागही नीट वाचता येतो. प्रदक्षिणामार्ग अरुंद असल्याने मागे सरकायला जागा नाही. म्हणून सबंध भिंत एका फोटोत घ्यायच्या भानगडीत पडू नका. हातभर सरकत, एकाच अंतरावरून, शेजारच्या फोटोवर तिसरा हिस्सा चढेल अशी ओळ घ्या. नंतर ती जोडता येते. अंतर राखायला दोरीचा तुकडा कॅमेऱ्यापासून भिंतीपर्यंत मोजून ठेवा.

दिव्याचं तंत्र दोघांचं आहे. कॅमेरावाला मूर्तीच्या समोर. दिवेवाला भिंतीला जवळजवळ खांदा लावून, मूर्तीपासून तीन-चार फुटांवर, दिवा भिंतीपासून वीतभर बाहेर. उजेड दहा-पंधरा अंशांनी घासून गेला पाहिजे. दिवा हळूहळू भिंतीपासून दूर न्या. ज्या क्षणी डोळ्यांच्या खाचा दिसायला लागतात आणि गालावरची सावली अजून आहे, तिथे थांबा. रंगतापमान ५५०० केल्विनवर स्थिर ठेवा, आपोआप ठेवलं तर शेजारच्या दोन मूर्ती दोन रंगांच्या येतात. पाहुणे आले की दिवा लगेच बंद करायचा. आयएसओ १६०० ते ३२००, एफ/४, हात स्थिर असला तरी शटर १/५० सेकंदापेक्षा मंद करू नका. कॅमेऱ्यात थरथर आवरणारी यंत्रणा असेल तर १/२५ पर्यंत चालतं. धूसर फोटोपेक्षा दाणेदार फोटो कधीही बरा.

स्त्रीरूपातला गणपती, म्हणजे वैनायकी, बघायला बहुतेक जण येतात आणि निम्मे न बघता जातात. ती भिंतीच्या वरच्या भागात आहे, मांडी घालून बसलेली, खाली उंदीर. ८५ ते १०० ची भिंग लावा, समोरच्या भिंतीला पाठ टेकवा, आणि दिवा हात उंच करून बाजूने द्या. खालून दिला तर चेहऱ्याची सावली उलटी पडते आणि मूर्ती भेसूर दिसते.

साडेचारला बाहेर या. मावळतीच्या आधीचं दीड तासाचं ऊन शिखर, घुमट आणि तटाचे अवशेष यांच्यासाठी. वारा जोरात असतो. भिंग बदलायची असेल तर गाडीत बसून, एसी-पंखा बंद करून बदला. विजेची तार, प्लास्टिकची पाण्याची टाकी आणि गाड्या चौकटीत येणारच. एक गुडघा टेकून खाली व्हा, जवळचा दगड किंवा झुडूप त्यांच्या पुढे येईल असं सरका. संगणकावर तार पुसत बसण्यापेक्षा दोन पावलं चालणं सोपं. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. त्यानंतरचा निळा उजेड वीस मिनिटं टिकतो, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा. रविवारी संध्याकाळी लोणी काळभोरपासून हडपसरपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, त्याचा तासभर वेगळा धरा.

त्याच रात्री

कितीही दमलात तरी फाइली उतरवून घ्या आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. फोल्डरचं नाव तारीख, गाव, देऊळ, भिंत या क्रमाने द्या. वहीत दुसऱ्याने फोटोचा क्रमांक आणि भिंतीची दिशा लिहिली असेल तर हे अर्ध्या तासात होतं. नसेल तर महिन्याभराने दक्षिणेची सुरसुंदरी आणि पश्चिमेची सुरसुंदरी कोणती, हे दोघांपैकी कोणालाच सांगता येत नाही, आणि दोघांनाही खात्री मात्र असते. सांध्यात चुना दिसतो का, शिखर विटांचं आहे का, हेही वहीत असावं. खालचा दगड यादवकाळाचा आणि वरचं शिखर नंतरच्या दुरुस्तीचं, असं आपल्याकडे बऱ्याचदा असतं, आणि फोटोखाली सरसकट "बाराव्या शतकातलं मंदिर" लिहिलं की ते चुकतं.

सराव करायचा असेल तर शहरातच करा. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ दिव्याच्या तंत्रासाठी उत्तम आहे. अठराव्या शतकातल्या त्या दर्शनी भिंतीवर साखळदंड घातलेला गेंडा आणि गोरे शिपाई कोरलेले आहेत, आणि समोर जागा इतकी कमी की तिरपा उजेड देण्यावाचून गत्यंतर नाही. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं आतल्या अंधाराच्या सरावाला बरं. तिथला गोल नंदीमंडप मोकळ्या आकाशाखाली आहे, म्हणजे काळा दगड आणि उजळ आकाश यांचा झगडाही तिथेच समजतो.

एप्रिलनंतर

उन्हाळ्यात ही फेरी सोडा आणि सोलापूर रस्त्याने सरळ इंदापूर तालुक्यात पळसदेवला जा. उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं पळसनाथाचं देऊळ पाणी खूप खाली गेलेल्या वर्षी उघडं पडतं. निघण्यापूर्वी धरणाचा त्या दिवसाचा साठा बघा. पाणी पुरेसं उतरलेलं नसेल तर फक्त शिखराचा भाग दिसतो. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, म्हणून पुण्यातून तीनला निघावं लागतं. काठचा गाळ वरून वाळलेला आणि आत मऊ असतो, भेगा पडलेल्या भागावरूनच चाला, एकाने पुढे आणि दुसऱ्याने दहा पावलं मागे. कॅमेरा पुढच्याकडे नको. होडीने जायचं झालं तर भाडं जाण्या-येण्याचं मिळून आणि थांबायच्या वेळेसकट आधीच ठरवा. तासाभरात काम संपत नाही, आणि मासेमारीची वेळ झाली की होडीवाला थांबत नाही.